जुना आवाज, नवा डबा : वाचकांचे प्रश्न

माइकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या डब्याबद्दल, म्हणजे प्रीअँपबद्दल, आणि अशाच यंत्रांबद्दल या खेपेला पत्रं बरीच आली, त्यातली सहा घेतलीत. आमच्या बेळगावच्या वडगावातल्या गल्लीत दिवसभर यंत्रमाग खडखडत असतात, त्यामुळे उत्तरं नेहमीसारखी रात्री माग थांबल्यावर लिहिली. उशीर झाला त्याबद्दल संपादकांचा नव्हे, मागवाल्यांचा दोष.

*

काका, मी टिळकवाडीत राहतो, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरातल्या एका खोलीत अभंग आणि नाट्यगीतं रेकॉर्ड करतो. ओळखीतून गोल्डन एज प्रोजेक्ट कंपनीचा प्री-७३ हा माइक प्रीअँप सेकंडहँड मिळाला. सगळे म्हणतात, हा नीव्ह कंपनीच्या जुन्या १०७३ चा गरिबांचा अवतार. खरा जुना आवाज हवा असेल तर आतले ट्रान्सफॉर्मर काढून इंग्लंडच्या कार्नहिल कंपनीचे घाल आणि सगळे कॅपॅसिटर टँटलम जातीचे कर. शिकवण्या घेऊन अठरा हजार साठवलेत. करू का? — एक विद्यार्थी

अठरा हजार आहेत तिथंच राहू देत, निदान दिवाळीपर्यंत. तोवर मी सांगतो तेवढं कर.

आधी डब्यात काय आहे ते समजून घे. १०७३ हे मिक्सिंगच्या टेबलात बसवायचं प्रीअँपचं मॉड्यूल रूपर्ट नीव्ह यांच्या कंपनीनं १९७० साली इंग्लंडात काढलं. त्यात आयसी नाही. माइकचा सिग्नल पहिल्यांदा ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो, मग सुट्या ट्रान्झिस्टरच्या पायऱ्या चढतो, शेवटी २एन३०५५ सारखा जाड पॉवर ट्रान्झिस्टर त्याला ढकलतो आणि बाहेर पडताना पुन्हा एक ट्रान्सफॉर्मर लागतो. हा २एन३०५५ म्हणजे आमच्या पिढीचा घरचा माणूस. गणपतीच्या मंडपातल्या अँप्लिफायरमध्ये तोच, इन्व्हर्टरमध्येही तोच. लंडनच्या स्टुडिओत लाखो रुपयांच्या टेबलात तोच बसलाय हे कळलं तेव्हा मला आमच्या गल्लीतला पोरगा कलेक्टर झाल्यासारखं वाटलं होतं.

तुझा डबा याच नकाशावर, पण चीनमध्ये तयार झालेला. कंपनी स्वीडनची. नकाशा बरोबर आहे, स्वस्ताई आहे ती सुट्या भागांत, आणि त्यातही मुख्यतः दोन ट्रान्सफॉर्मरमध्ये. इथवर तुला सांगणारे बरोबर आहेत.

आता फुकटात होणारं काम. समोर इनपुट इम्पिडन्सचा, म्हणजे माइकपुढच्या विद्युत अडथळ्याचा, स्विच आहे. नेहमीच्या जागेवर इनपुट साधारण १२०० ओहम असतं, दाबला की ३०० च्या आसपास. डायनॅमिक माइक जोडून दोन्हीकडे एकच ओळ म्हणून बघ. एका जागी आवाज मोकळा, दुसऱ्या जागी आवळलेला आणि थोडा जाड येईल. कुठला चांगला ते माइकवर आणि गळ्यावर. दुसरं, गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्याचा, नॉब दोन घरं वर चढव आणि आउटपुटचा नॉब तेवढाच खाली आण. रेकॉर्डिंगची पातळी तीच राहील, पण आतल्या पायऱ्यांवर जास्त ताण येईल. लोक ज्याला जुन्या यंत्राचा भरीवपणा म्हणतात तो बहुतेक या ताणातून येतो. गेन कमी ठेवून, घाबरत घाबरत रेकॉर्ड करणाऱ्याला कार्नहिल घालूनही तो मिळायचा नाही.

पखवाज असेल तर हा फरक अजून कळतो. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरवर, म्हणजे वेटोळ्याच्या आतल्या धातूच्या गाभ्यावर, पडणारा ताण स्वर खाली जाईल तसा वाढतो. तेवढ्याच व्होल्टेजला १०० हर्ट्झपेक्षा ५० हर्ट्झला तो दुप्पट असतो. म्हणून कणकेच्या बाजूची धूम आधी जाड होते आणि शाईच्या बाजूचा ‘ता’ तसाच स्वच्छ राहतो. झांज, चिपळ्या यांना ट्रान्सफॉर्मर फारसं काही करत नाही. नुसत्या टाळांसाठी कुणी महागडा ट्रान्सफॉर्मर घ्यायला निघाला तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवतो.

आता शे-सव्वाशे रुपयांचं काम. कंडेन्सर माइकला लागणारं ४८ व्होल्टचं फँटम माइकच्या दोन तारांवर दोन रेझिस्टरमधून जातं, प्रत्येकी ६.८ किलोओहम. हे दोन अगदी जुळे भाऊ हवेत, त्यांच्यातला फरक ०.४ टक्क्याच्या आत, म्हणजे साधारण २७ ओहमच्या आत. फरक जास्त असला तर दोन तारांतला करंट असमान होतो आणि उरलेला डीसी इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून वाहतो. तिथला कोअर निकेलच्या नाजूक मिश्रधातूचा असतो. त्यात चुंबकत्व बसलं की खालचे स्वर खरबरीत होतात आणि तू दोष देतोस चीनला. एक टक्क्याच्या मेटल फिल्म रेझिस्टरचं एक पाकीट आण, मीटर घेऊन बस, शंभरातली सगळ्यात जवळची जोडी निवड आणि ती घाल. बोर्डावर असताना मोजायला जाऊ नकोस. दुसरा रेझिस्टर ट्रान्सफॉर्मरमधून समांतर येतो, मीटर ३.४ किलोओहम दाखवतं आणि माणूस उगाच घाबरतो. शिवाय मीटरचा डीसीही त्याच नाजूक वेटोळ्यातून जातो. एवढ्याचसाठी माइकचा ट्रान्सफॉर्मर ओहमच्या रेंजवर ‘वाजवून’ बघायची आम्हा रिपेरीवाल्यांची सवय वाईट. मोटरीच्या कॉइलला जे चालतं ते इथं चालत नाही. मी हे दोन ट्रान्सफॉर्मर बिघडवून शिकलो.

कॅपॅसिटरबद्दल माझं मत तुझ्या सल्लागारांना आवडणार नाही. जुन्या कार्डांवर टँटलम होते हे खरं, पण म्हणून आवाज टँटलममध्ये आहे असं नाही. सिग्नलच्या वाटेतला कॅपॅसिटर पुरेसा मोठा असेल तर त्याच्या दोन टोकांत सिग्नलचं व्होल्टेज जवळजवळ उरतच नाही. मग तो आवाज बिघडवणार कशाच्या जोरावर? वाळलेले, फुगलेले इलेक्ट्रोलिटिक मात्र बदलायलाच हवेत. तुझा डबा सेकंडहँड आहे आणि क्लास ए असल्यामुळे, गाणं चालू असो की बंद, आत सतत करंट वाहतो आणि डबा कोमट राहतो. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागे साधारण निम्मं होतं. तेव्हा १०५ अंशाचे आण आणि डब्यावर दुसरा डबा ठेवू नकोस. पुण्याला गेलास तर पासोड्या विठोबाजवळ मिळतील, बंगळुरात एसपी रोडला. बेळगावात ८५ अंशाचे पटकन मिळतात, १०५ साठी दोन-चार दुकानं फिरावी लागतात.

राहिला ट्रान्सफॉर्मर. इथं मी थोडा रेंगाळणार, कारण मी आयुष्यातली बरीच वर्षं उद्यमबागेत मोटर वाइंडिंग केलंय.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर आपणच गुंडाळू, असं मलाही वाटलं होतं. शेजारचा पोरगा रोज डोकावायचा, ‘काय करूलालास गा काका?’ मी म्हणायचो, इंग्लंड करूलालोय. पहिला ट्रान्सफॉर्मर मी साध्या पद्धतीनं गुंडाळला, आधी सगळं प्रायमरी, म्हणजे सिग्नल आत येतो ते वेटोळं, वर प्रेसपान कागद, मग सगळं सेकंडरी, म्हणजे बाहेर नेणारं वेटोळं, आणि पत्र्या एकाआड एक उलटसुलट घालून गच्च बसवल्या. जोडला तर खालचा आवाज पार गेला. पखवाजाची डफली झाली. कारण नंतर लक्षात आलं. या रचनेत शेवटच्या ट्रान्झिस्टरचा डीसी थेट ट्रान्सफॉर्मरमधून वाहतो. पत्र्या गच्च बसल्या की तेवढ्या डीसीनंच कोअर तुंबतो, सिग्नलला जागा उरत नाही. म्हणून ‘ई’ पत्र्या सगळ्या एका बाजूला, ‘आय’ पत्र्या दुसऱ्या बाजूला आणि मधे कागदाची बारीक फट ठेवावी लागते. बाजारातला कुठलाही चांगला लाइन ट्रान्सफॉर्मर उचलून इथं चालत नाही तो याच कारणानं. त्याला फट नसते.

दुसऱ्या खेपेला फट ठेवली. खालचं आलं, वरचं गेलं. तंबोऱ्यावर घोंगडी टाकल्यासारखं. प्रायमरी आणि सेकंडरी वेगवेगळी गुंडाळल्यामुळे दोघांची गळाभेट नीट होत नव्हती. तिसऱ्या खेपेला थर आलटून पालटून घातले, थोडं हे, थोडं ते. तेव्हा कुठं १४ हजार हर्ट्झपर्यंत सरळ रेघ आली. तीन आठवडे गेले, आणि मागच्या बाजूच्या मागवाल्याचा आर्मेचर तसाच पडून राहिला, तो अजून टोमणे मारतो.

इनपुटच्या ट्रान्सफॉर्मरच्या नादी मात्र मी लागलो नाही. त्याचा कोअर आपल्या सिलिकॉन स्टीलच्या पत्र्यांचा नसतो. सिग्नल असतो मिलिव्होल्टमध्ये, भोवती बाहेरचं चुंबकत्व अडवणारा म्युमेटलचा डबा लागतो, आणि तो डबा वाकला किंवा आपटला तरी त्याचा गुण कमी होतो. ते काम कार्नहिल, जेन्सन, लुंडाल, सिनेमॅग यांचं.

तेव्हा पुढं-मागं पैसे घालायचेच असतील तर आधी आउटपुटचा बदल, इनपुटचा नंतर. जाडी तिथं ठरते, आणि तिथं सगळं सोपं आहे. इनपुटचा बदलताना सेकंडरीवर लावलेला रेझिस्टर आणि बारीक कॅपॅसिटर नव्या ट्रान्सफॉर्मरच्या डेटाशीटप्रमाणे बदलावा लागतो. तो जुनाच ठेवला तर वरच्या टोकाला घंटेसारखा किणकिणाट राहतो आणि त्यालाच लोक ‘काय एअर आली!’ म्हणतात. माझ्या एका गिऱ्हाइकाला ती जोडी कस्टम ड्यूटीसकट हातात पडेपर्यंत पंधरा-वीस हजारांच्या घरात गेली. तेवढ्यात तुझ्या खोलीला जाड पडदे, गाद्या आणि एक बरा माइक होतो.

काहीही बदलण्याआधी एक नोंद ठेव. एकच तान दोनदा तशीच कुणी गाऊ शकत नाही, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं गाणं ताडून काही कळत नाही. रेकॉर्ड झालेला एक तुकडा इंटरफेसच्या, म्हणजे कंप्युटरला जोडलेल्या रेकॉर्डिंगच्या डब्याच्या, आउटपुटमधून काढ, दोन्ही तारांत एकेक १० किलोओहमचा रेझिस्टर घाल, पुढं दोन तारांमध्ये आडवा १५० ओहमचा, आणि तिथून प्रीअँपच्या माइक इनपुटला. सिग्नल साधारण ४३ डेसिबेल (डीबी) खाली येतो आणि प्रीअँपला वाटतं समोर माइकच आहे. फँटम त्या वेळी बंद ठेव, नाहीतर ४८ व्होल्ट इंटरफेसच्या आउटपुटकडे उलटे जातील. बदलाआधी एकदा रेकॉर्ड कर, बदलानंतर एकदा. दोन्हींची पातळी ०.१ डीबीपर्यंत जुळव, कारण अर्धा डीबी मोठा आवाज प्रत्येकाला ‘जास्त जिवंत’ वाटतो. मग कुणाला तरी नाव न सांगता ऐकव.

मी आमच्या घरी ऐकवलं होतं. बायको चाळीस वर्षं भजनात गाते. मूळचा डबा, कॅपॅसिटर बदललेला, माझा ट्रान्सफॉर्मर घातलेला, असे तीन तुकडे, आणि चौथा पुन्हा मूळचाच. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, ‘पहिला-दुसरा एकच. तिसरा जरा भरलेला. चौथ्यात फॅन चालू होता.’ चौथा वाजताना खोलीतला फॅन खरंच चालू होता.

*

निपाणीत माझा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. मुलासाठी ‘ट्यूब’ असं लिहिलेला स्वस्तातला प्रीअँप घेतला. काचेतून दिवा छान दिसतो, आवाज साधाच येतो. आत १२एएक्स७ आहे. जुनी इंग्लिश किंवा रशियन ट्यूब घातली तर रेडिओच्या काळातला आवाज येईल का?

नाही येणार. १२एएक्स७ म्हणजे आपली जुनी ईसीसी८३. तिच्या माहितीपत्रकात प्लेटला २५० व्होल्ट लिहिलेले असतात. तुमच्या डब्याला मिळतो एक छोटा ॲडॅप्टर, आणि आत प्लेटला बहुतेक वेळा फारच थोडे व्होल्ट पोचतात. उपाशी बैलाला नांगराला जुंपल्यातला प्रकार. खरं गेनचं काम शेजारचा आयसी करतो आणि ट्यूब थोडा रंग लावते. काही डब्यांत तर ट्यूबच्या मागं पिवळा एलईडी ठेवून शोभा वाढवलेली असते, तुमचा तसा आहे का बघा.

बंगळुरात बीईएलनं (भारत इलेक्ट्रॉनिक्स) केलेल्या व्हॉल्व्हवर, म्हणजे ट्यूबवर, चालणारे सेट मी दुरुस्त केलेत. त्यांच्या हाय टेन्शनचा एक चटका माझ्या उजव्या कोपरापर्यंत गेला होता, त्यानंतर मी एक हात खिशात घालून काम करायला शिकलो. तो आवाज त्या व्होल्टेजचा होता, त्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा होता आणि लाकडी पेटीचाही होता. काचेचा एकटीचा नव्हता.

तरी हात शिवशिवत असतील तर १२एयू७ घालून बघा. पायांची जुळणी तीच, फिलॅमेंटचा करंटही तोच, पण १२एएक्स७ चा गुणक १०० तर हिचा २० च्या आसपास. गेन कमी होईल, चिरका कडवटपणा थोडा उतरेल. गाण्याला बरं पडतं, ढोलकीला माइक जवळ असेल तर फारच बरं. आणि ॲडॅप्टर हरवला तर लॅपटॉपचा किंवा कुठलाही डीसीवाला जोडू नका. डब्यावर एसी लिहिलं असेल तर एसीच द्या. आत डायोड-कॅपॅसिटरची शिडी करून फँटमचे ४८ व्होल्ट उभे केलेले असतात, ती डीसीवर चढतच नाही. ‘फँटम गेलं’ म्हणून माझ्याकडे आलेल्या डब्यांपैकी निम्म्यांना फक्त चुकीचा ॲडॅप्टर लागलेला असतो.

*

आमचं भजनी मंडळ खानापूर तालुक्यातलं. मंदिरात काकड्याचं रेकॉर्डिंग करायला एक जुन्या पद्धतीचा प्रीअँप आणला. जोडल्यापासून घुरघुर. वायरमननं प्लगची अर्थची पिन काढली, घुरघुर थांबली. पण आता माइकला ओठ लागले की झिणझिण्या येतात. प्रीअँपमध्ये काही बदल करून घ्यावा का?

पत्र वाचून मी रात्री झोपलो नाही. हा अंक हातात पडेल तेव्हा भजन चालू असलं तरी थांबवा आणि ती पिन परत बसवा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून, हातात टाळ घेऊन माणूस गातो. झिणझिण्या ही सूचना समजा.

घुरघुर कुठली आहे ते आधी ऐका. जाड, गोल, ‘हूंऽऽ’ असा आवाज असेल तर ५० हर्ट्झ, बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरजवळ ट्रान्सफॉर्मर ठेवल्यामुळे किंवा केबलमुळे. चिरका ‘घर्रऽ’ असेल तर १०० आणि त्याच्या वरचे, म्हणजे पॉवर सप्लाय किंवा अर्थचा फेरा, दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्यावर होतो तो. तुमचा दुसरा असणार, कारण पिन काढल्यावर थांबला.

सगळी यंत्रं, लॅपटॉपसुद्धा, एकाच बोर्डावर लावा. गाभाऱ्यातून एक आणि सभामंडपातून दुसरी लाइन घेऊ नका. तरी राहिलं तर प्रीअँपकडून इंटरफेसकडे जाणाऱ्या केबलमध्ये, इंटरफेसच्या टोकाला, एक नंबरच्या पिनवरची शील्ड, म्हणजे तारांभोवतीची जाळी, सोडवा. त्या केबलला खूण करा. माइकच्या केबलवर हा प्रयोग करू नका, फँटमचा परतीचा रस्ता एक नंबरच्या पिनवरूनच जातो.

प्रीअँपमध्ये करण्यासारखा बदल एकच आहे आणि तो कुणी जाहिरातीत सांगत नाही. स्वस्त डब्यांत एक नंबरची पिन आधी बोर्डावर फिरून मग बॉडीला जाते, त्यामुळे शील्डवरचा सगळा कचरा बोर्डाच्या ग्राउंडमध्ये मिसळतो. नील मन्सी यांनी १९९५ साली हा दोष नीट मांडला, तेव्हापासून त्याला ‘पिन वन’चा दोषच म्हणतात. सॉकेटजवळ बॉडीचा रंग खरवडायचा, दातेरी वॉशर लावायचा आणि पिनपासून तिथपर्यंत दोन बोटं लांबीची जाड तार. ट्रान्सफॉर्मर बदलण्याआधी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे करून देतो. निम्मे तिथंच खूश होऊन जातात.

आणि मंदिराच्या अर्थिंगचा खड्डा बघा. मार्च-एप्रिलमध्ये जांभा पार सुकतो. दोन बादल्या पाणी ओतून, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका.

*

संकेश्वरहून विचारतो. माझ्या मिक्सरमध्ये ४५५८ आयसी आहेत. ते काढून एनई५५३२ घातले तर आवाज सुधारेल असं ऐकलं. सॉकेट आहेत, म्हणजे सोपंच आहे ना?

काढणं सोपं आहे. ५५३२ जास्त करंट खातो, दोन्ही भाग मिळून साधारण ८ मिलिअँपियर. दहा आयसी बदलले तर पॉवर सप्लायचा रेग्युलेटर तापू लागतो. शिवाय त्याच्या इनपुटला सुईच्या टोकाएवढा का होईना करंट लागतो, त्यामुळे काही जागी नॉब फिरवला की खरखर ऐकू येते, आधी येत नव्हती. आणि तो चपळ आहे. सप्लायच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक नसेल तर ऐकू न येणाऱ्या वेगानं थरथरत बसतो, हात लावला की कळतं, गरम. दोन चॅनेलना घाला, दोन तसेच ठेवा, महिनाभर वापरा.

*

कणकुंबीत राहतो. पावसाळ्यात दर वर्षी प्रीअँपचे नॉब आणि स्विच खरखरतात. चांगल्या प्रतीचे नॉब घालावेत का?

मलप्रभेच्या उगमाशी राहून नॉब कोरडे राहतील अशी अपेक्षा धरू नका. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नॉब वीस-तीस वेळा फिरवा, स्विच तेवढ्याच वेळा दाबा. जुन्या पद्धतीच्या डब्यात गेनला फिरणारा रोटरी स्विच असतो, त्याच्या पत्र्यांवर काळा थर चढतो, तिथंच बिघाड. आणि डबा पेटीत बंद करून ठेवू नका. पावसाळ्यात दिवसाआड तासभर चालू ठेवा, स्वतःच्या उबेनं सुकतो. क्लास एचा एवढा तरी उपयोग व्हावा.

*

मी शाळेत शिक्षिका आहे, अथणीला. मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करते. साधा इंटरफेस आणि एसएम५८ माइक. मागं सतत ‘स्स्स’ येतो. दुकानदार म्हणाला, जुन्या पद्धतीचा प्रीअँप पुढं लावा, स्वच्छ होईल. घेऊ का? — एक शिक्षिका

ताई, नका घेऊ. आकडे सांगतो, तुम्ही शिकवता म्हणजे कंटाळणार नाही.

समोर ९४ डेसिबेलचा आवाज असला तर हा माइक साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे उणे ५२ डीबीयू (डीबीयू म्हणजे डेसिबेलमध्ये सांगितलेलं व्होल्टेज). आजच्या साध्या इंटरफेसचा स्वतःचा गोंगाट माइकच्या इनपुटपाशी उणे १२८ डीबीयूच्या आसपास असतो. दोन्हींत अंतर ७६. चौऱ्याण्णवातून शहात्तर गेले, उरले १८. म्हणजे इंटरफेसचा ‘स्स्स’ हा खोलीतल्या १८ डेसिबेलच्या आवाजाएवढा. मध्यरात्रीची शांत खोलीसुद्धा ३० च्या घरात असते, पंखा लावला की त्याच्याही बरीच वर. आणि नुसत्या १५० ओहमच्या रेझिस्टरचाच गोंगाट उणे १३१ असतो, तो निसर्गाचा, कुठल्याही किमतीच्या प्रीअँपला त्याच्या खाली जाता येत नाही. तुमच्या इंटरफेसमध्ये आणि जगातल्या सर्वोत्तम प्रीअँपमध्ये इथं तीन डीबीचं अंतर. जुन्या पद्धतीचा डबा तर रंग चढवण्यासाठी असतो, स्वच्छतेसाठी नव्हे.

माइक तोंडापासून चार बोटांवर आणा. हातभर अंतरावरून चार बोटांवर आलं की आवाज चौपट-पाचपट मिळतो आणि गेन तेवढा खाली आणता येतो. पंखा बंद. फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर दार लावा. तरीही ‘स्स्स’ तेवढाच राहिला तर माइकच्या जागी नुसता १५० ओहमचा रेझिस्टर दोन आणि तीन नंबरच्या पिनांत लावून रेकॉर्ड करा आणि ती फाइल मला पाठवा. मग दोष खरोखर यंत्राचा आहे असं धरू.

*

मागच्या अंकातली दुरुस्ती. टँटलम कॅपॅसिटरवरची पट्टी म्हणजे ‘उणे’ असं माझ्या उत्तरात छापून आलं. चूक माझ्याच हस्तलिखितात होती, मी तपासून पाहिलं. इलेक्ट्रोलिटिकवर पट्टी उणे बाजूला असते, टँटलमवर ती खूण अधिक बाजूची. उलटा लावलेला टँटलम फुटतो, कधी आगही धरतो. चिकोडीच्या एका वाचकाचा फुटला, सुदैवानं झाकण लावलेलं होतं. त्यांना नवे चार टँटलम आणि पिन वनची जाड तार कुरियरनं पाठवली आहे.